सगळ्यांना विचारलं, आळीला नाही

इंग्रजांना एकत्र असण्यासाठी एवढे शब्द कशाला लागतात, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या आमच्या घरापुढे फतकल मारून मिरच्यांचे देठ खुडत होते. मांडीवर शब्दकोश, समोर गोणपाटावर पसरलेली बेडगी आणि संकेश्वरी, आणि बोटांची अशी आग की पान उलटायचं तर कोपराने उलटावं लागे. टुगेदर, जॉइंटली, युनायटेड, कलेक्टिव्हली, म्युच्युअली. सगळ्यांपुढे मराठीत फिरून फिरून तेच लिहिलेलं : एकत्र, मिळून, मिळून, एकत्र. मला राग आला. मला राग पटकन येतो. तेव्हाही यायचा, आता साठी ओलांडली तरी येतो, आणि आयुष्यात जे काही थोडंफार केलं ते त्या रागाच्या जोरावरच केलं. मी शब्दकोश मिटून आयला, म्हणजे आईला, म्हटलं, "ह्या लोकांना एका शब्दात भागवता येत नाही का गं?" आय मिरचीवरून नजर न काढता म्हणाली, "त्यांची घरां मोठी आसतील. ठेवायला जागा आसंल." आणि माझ्या पुढ्यात आणखी एक सूप मिरच्या ओतून ती आत गेली.

आमच्या घरात जागा नव्हती, पण माणसंही फार नव्हती. बाबा, आय आणि मी. पुढे ओटी, मध्ये लांबट खोली, मागे चूल. गॅस आला होता, पण त्यावर फक्त चहा व्हायचा. गॅसवर भाजलेल्या तांदळाच्या भाकरीला आय 'दवाखान्याची भाकरी' म्हणायची. बाबांची उमर मिठागरावर गेलेली. आगर बंद पडला आणि त्याच्या पलीकडेच इमारती उठायला लागल्या, तेव्हा एका बिल्डरने त्यांना साइटवर राखणीला घेतलं. "आदी मीठ राखायचू, आता सिमीट राखतंय," ते म्हणायचे, "दोनी पान्यानं बिघरतात, मना सवय हाय." पहाटे खाडीवरून चिखलाचा ओला वास यायचा, मग मासळीवाल्या बायांची कलकल, आणि दहाच्या सुमाराला काँक्रीटच्या मशिनीची घरघर सुरू झाली की ती दिवे लागेपर्यंत. जेवायला जवळा, सुके बोंबील, वालाचं बिरडं, जे असेल ते. पण वर लाल तवंग हवाच. तो दिसला नाही की बाबा ताटाकडे बघून विचारायचे, "कोन आजारी हाय?"

तो तवंग यायचा मसाल्यातून, आणि मसाला यायचा आळीतून. हे नीट सांगायला हवं, कारण आता माझ्या बिल्डिंगमधल्या पोरींना मसाला पाकिटातून येतो एवढंच माहीत आहे. आमच्या आळीत आठ-दहा घरं. आळीच्या मधोमध जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. त्याला मालक नव्हता. होळी सरली की मसाल्याच्या पाळ्या लागायच्या. आज या घरची मिरची, उद्या शेजारच्या घरची, टोकापासून टोकापर्यंत. मिरची ज्याची त्याची, धणे-हळकुंड ज्याचं त्याचं, पण मुसळं सगळ्या आळीची. सकाळी मिरची भाजली की ती कडक असताना कुटायची, कारण खाडीच्या हवेत ती बघता बघता नरम पडते. आणि एक रीत होती. ज्या घरची पाळी, त्या घरात जेवढ्या बाया असतील तेवढ्यांनी मिळून पहिला घाव घालायचा. लग्न होऊन गेलेली लेक मोजायची नाही. घरात असलेली मोजायची. त्यांचा घाव पडेपर्यंत दुसऱ्या घरच्या मुसळानं त्या मिरचीला शिवायचं नाही. भाईंदरच्या बाजारात मिरची कांडपाचं यंत्र बसलं होतं, तासाभरात काम व्हायचं. आळीतल्या एका घरानं एका वर्षी पाळी सोडून तिकडं कुटून आणलं. त्यांना कुणी वाईट बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मग त्यांच्या हळदीला तांदूळ निवडायला बाया गेल्या त्या उशिरा गेल्या आणि लवकर उठल्या. ते घर आळीत होतं, आळीचं नव्हतं. आयला जगात फक्त दोन गोष्टींची भीती होती, एक विंचवाची आणि दुसरी ह्याची.

पाळ्यांवर लक्ष ठेवायची यशोदाकाकी. नात्यानं बाबांची लांबची वहिनी, कामानं आळीची कोतवाल. उंच, हाडकुळी, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज असा की ती समोरच्या घरात बोलली तर आमच्या ओटीवरची कोंबडी उठायची. मी कॉलेजला जाते म्हणून ती मला 'मास्तरीन' म्हणायची. मास्तरीन व्हायच्या आधीपासून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं, तेही इंग्रजीची. मराठी शाळेतून गेलेली, घरात 'मला'ला 'मना' म्हणणारी मी, कॉलेजात तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मीरा रोडच्या नव्या बिल्डिंगांतल्या मुली, बापानं फ्लॅट घेतला म्हणून दादर-परळहून आलेल्या, त्यांना आमचं मुर्धा म्हणजे बसचा शेवटचा स्टॉप. मी ठरवलं, हसा लेको. मी त्याच भाषेचे पैसे घेईन. मीरा रोडच्या नया नगरात रुकय्या मॅडमकडे शिकवणी लावली. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पुढच्या खोलीत शिकवायच्या. पंख्याखाली चार खुर्च्या, भिंतीला फळा, आणि तास संपला की जाड साखरेचा चहा. मी त्यांच्यासमोर शब्दकोश आपटला आणि म्हटलं, "मॅडम, ये सब एक ही है. रट्टा मार लूँ क्या?"

"रट्टा मारोगी तो इम्तिहान पास हो जाओगी," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पढ़ा नहीं पाओगी. बेटा, डिक्शनरी में मतलब मिलता है, जगह नहीं मिलती. एक-एक लफ़्ज़ को अपने घर ले जाओ. बिठाओ. देखो कौन कहाँ बैठता है, और कौन उठ के चला जाता है."

मी ते अक्षरशः केलं. आमच्या घरी पाहुणे आल्यासारखे ते शब्द आले. रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, आपण तिघं आता जेवतोय ते टुगेदर. एका जागी, एका वेळेला, सोबत. बस." बाबांनी मान डोलावली. "आपल्या जुन्या जमिनीवर तुमचं आणि काकांचं दोघांचं नाव आहे ते जॉइंटली. एकट्याला विकता येणार नाही, एकट्याला सोडता येणार नाही." बाबा म्हणाले, "ता मना चांगलं ठाव हाय," कारण काकांशी त्यांचं त्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं. "आगर बंद करायला निघाले तेव्हा तुम्ही सगळे ऑफिसवर गेलात, ते युनायटेड. समोर कुणीतरी असतं, आणि आपण एका बाजूला." बाबा जरा ताठ बसले. "आणि तू माझी मिरची कुटायची, मी तुझी कुटायची, ते म्युच्युअल." आय म्हणाली, "आनि जेवल्यावर भांडी मी एकटीनंच घासायची, त्याला काय म्हनतात?" बाबा हसून हसून ठसकले. मी मात्र कलेक्टिव्हलीपाशी अडले होते. सगळ्यांचं मिळून एक धरलं की कलेक्टिव्हली, असं पुस्तकात होतं. पण सगळे एकत्र आहेत आणि सगळे मिळून एक आहेत, यात फरक काय? मॅडमला विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. "ये वाला अभी तुम्हारे घर आया नहीं है. आएगा."

त्याच सुमाराला मीरा रोडलाच शांती नगरातल्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिका हवी असल्याचं मॅडमच्या कानावर आलं. मी अर्ज दिला, आणि चक्क बोलावणं आलं. प्रिन्सिपल बाई करड्या, केस कापलेल्या, चष्मा साखळीला. त्यांनी सांगितलं, एक तास घेऊन दाखवायचा, सातवीच्या वर्गावर. विषय मीच निवडायचा. मी त्याच शब्दांचा निवडला, दुसरा सुचलाच नाही. आणखी दोघीजणी होत्या, दोघी कॉन्व्हेंटच्या. बाईंनी दिवस सांगितला आणि मी मान डोलावून बाहेर आले. बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला : तो दिवस आमच्या मसाल्याचा होता. मी तशीच उतरून उलटी गेले. बाई म्हणाल्या, "ट्रस्टी त्या दिवशी येणार आहेत. तुला जमत नसेल तर राहू दे." राहू दे! मी म्हटलं, "जमेल." आणि परत येताना रस्ताभर स्वतःला सांगत राहिले, जमेल म्हणजे जमेलच. पाळीच तर बदलायची आहे, काय आभाळ कोसळणार आहे?

दुसऱ्या दिवशी मी आळीत फिरले. मला वाटतं, आमच्या उखळाभोवती वाढलेल्या मुलीनंच करावी अशी ही चूक होती, कारण बाहेरच्या कुणाला मुळात विचारायचंच सुचलं नसतं. घरोघर गेले. ओटीवर बसले, पाणी प्यायले, पोराबाळांची चौकशी केली आणि विचारलं, "आमची पाळी एक दिवस पुढे घेतली तर चालेल का?" आमच्यानंतर भागीवहिनीची पाळी होती. ती म्हणाली, "मना काय? मी आदी घेतंय. तू जा बिनधास्त." तिच्या शेजारची म्हणाली, "आमची हरकत न्हाय." मी पुढच्या घरी जाऊन सांगितलं की मागचे सगळे हो म्हणाले आहेत, त्यांनीही हो म्हटलं. एका घरी तर मला आंब्याची फोड मिळाली. शेवटी यशोदाकाकी. ती निवडत असलेल्या जवळ्यातून मान वर न करता म्हणाली, "सगली हो म्हनाली?" मी म्हटलं, "सगळी." "मंग मी एकटी न्हाय म्हननारी कोन?" मी उड्या मारत घरी आले.

आय चुलीपुढे बसली होती. मी सगळं सांगितलं. ती काही वेळ लाकूड आत सारत राहिली. मग म्हणाली, "सगल्यांना इचारलंस. आळीला इचारलंस का?"

"आय, आळी म्हणजे कोण? हीच माणसं ना?"

"मानसां हीच," आय म्हणाली. "पन आळी येगली."

मी कपाळावर हात मारला. ह्या बाईशी कोण डोकं लावणार, असं म्हणून मी फळ्यावर काय लिहायचं त्याची तयारी करायला बसले.

पाळ्या सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी बाया उखळापाशी बसायच्या. कुणाची मुसळं कुठं आहेत, चाळणी कुणाकडं आहे, असं बोलणं व्हायचं. मीही गेले. यशोदाकाकीनं पाळ्या म्हणायला सुरुवात केली, आमचं नाव आलं आणि ती थांबली. "हिची पाली फुडं घ्यायची हाय म्हनं. काय करायचं?" मी भागीवहिनीकडं बघितलं. भागीवहिनी पदराशी चाळा करत होती. मी शेजारणीकडं बघितलं, तिनं उखळातला केर वेचायला घेतला. मी म्हटलं, "वहिनी, तू हो म्हणालीस ना?"

"मी हो म्हनालू," भागीवहिनी म्हणाली, "पन मना वाटलं तू अजून कोनाला इचारलं नसशील. मंग कललं सगल्यांचं झालं हाय. मना कोनी मधी घेतलंच न्हाय."

"मना बी तू सांगलंस की सगली हो बोलली," दुसरी म्हणाली. "मंग मी काय न्हाय बोलायचं? एकटीनं वाईट व्हायचं?"

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. त्यातून यशोदाकाकीचा आवाज वर आला. "घरोघर हिंडून मतां गोला करायला ही काय म्युन्शिपाल्टीची निवडनूक हाय? पाली माजी न्हाय, भागीची न्हाय, तुजी बी न्हाय. पाली आळीची हाय. आळीला इचारायचं तर आळी बसलेली आसताना इचारायचं, उभी राहून, एकदा. एकेकीला गाठून हो म्हनवून घेतलंस. आता इचार."

चार ओळखीच्या बाया, रोजच्या, माझं नाक पुसलेल्या. पण त्या संध्याकाळी त्या तिथं बसल्या होत्या आणि माझ्यासमोर कुणीतरी निराळंच होतं. मी उभी राहिले आणि विचारलं, "आमची पाळी पुढे घेता का?" त्यांनी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. यशोदाकाकी म्हणाली, "न्हाय." मागून दोघीतिघी म्हणाल्या, "न्हाय." भागीवहिनीही म्हणाली, आणि मान खाली घालून म्हणाली. मॅडमनी सांगितलेला तो उरलेला शब्द, कलेक्टिव्हली, अखेर आमच्या दारात आला होता, आणि आल्या आल्या त्यानं माझ्या थोबाडीत मारली होती.

मी घरी येऊन चिडून काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटत नाही, पण ते लिहिण्याजोगं नाही. मागासलेल्या, अडाणी, खेड्यातच कुजणार, सगळं बोलून झालं. बाबा ओटीवर विडी ओढत ऐकत होते. आय म्हणाली, "झालं बोलून? मंग आता ठरव." मी म्हटलं, "तूच सांग काय करू." आय म्हणाली, "मी सांगलं तर जनमभर मना बोल लावशील. जाशील तर मसाला कुटायचा न्हाय. आपली पाली जाल. फुडलं वरीस काय होल ता मना ठाव न्हाय." यंत्रावर कुटून आणलेल्या त्या घराचं काय झालं ते तिनं जवळून पाहिलं होतं. मला तिची दया आली आणि दया आली याचाही राग आला. मग मी म्हटलं, "आय, मी जाणार." ती म्हणाली, "जा. पन उपाशी जाऊ नको." बाबा विडी विझवत म्हणाले, "मसाला बाजारातना आनू. लाल तवंग नसला तरी मी जेवंन." माझ्या बापानं आयुष्यात केलेला सर्वांत मोठा त्याग कुठला असं कुणी विचारलं, तर मी हे वाक्य सांगेन.

त्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आय मिरची भाजत होती. का भाजत होती कुणास ठाऊक. ठसक्यानं डोळ्यांतून पाणी काढत मी आळीतून निघाले. उखळावरून जाताना मान ताठ ठेवली. बाया मुसळं घेऊन यायला लागल्या होत्या. एकीनंही "खं चाललीस" म्हणून विचारलं नाही. बसनं भाईंदर, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून रिक्षा. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "मॅडम, तबियत ठीक है ना?" मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणालं होतं आणि मी नाक ओढत होते.

वर्ग मोठा होता, चाळीसेक पोरं, मागे खुर्च्यांवर बाई आणि दोन ट्रस्टी. मी फळ्यावर शब्द लिहिले आणि पुस्तकातली वाक्यं सांगायला लागले. दोन मिनिटांत पोरं जांभया द्यायला लागली. मी थांबले. म्हटलं गेलं खड्ड्यात पुस्तक, आणि इंग्रजीतच, माझ्या त्या वेड्यावाकड्या इंग्रजीत, त्यांना आमची आळी सांगितली. उखळ सांगितलं, पाळ्या सांगितल्या. मी घरोघर कशी फिरले, प्रत्येकीनं हो कसं म्हटलं, आणि त्याच सगळ्या एकत्र बसल्यावर नाही कसं झालं. पोरं ताठ झाली. एक म्हणाला, हे चीटिंग आहे. दुसरी म्हणाली, चीटिंग नाही, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण असंच होतं, लिफ्टमध्ये सगळे अंकल हो म्हणतात आणि मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. मागच्या खुर्चीवरचे एक ट्रस्टी मोठ्यानं हसले. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिनं फळ्याकडं बोट दाखवून विचारलं, "मॅडम, आज तुम्ही इथे आहात. मग आज तुमची आळी ह्यातली कुठली?"

मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, "टुडे, नन." आज एकही नाही. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, कळवू. (त्यांनी कळवलं, आणि त्याच शाळेत माझे केस पिकले. पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.)

परतताना मी मुद्दाम वेळ काढला. भाईंदरच्या बाजारात त्या कांडप यंत्रापुढे जाऊन उभी राहिले, भाव विचारला, तयार मसाल्याचं पुडकं हातात घेतलं. वास घेतला आणि परत ठेवलं. मसाला वाईट नव्हता. मला घरी काय तोंड दाखवायचं ते कळत नव्हतं. आय एकटी भाजलेल्या मिरच्यांपुढे बसली असेल, सगळ्या जणी मुसळं घेऊन आपापल्या घरी गेल्या असतील, आणि आता पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, तिच्या दारावरून त्या कशा जातील, ते मला बसमध्ये बसल्या बसल्या दिसत होतं. नोकरी मिळू दे, मी मनात म्हणत होते, तिला शांती नगरला नेईन, फ्लॅट घेईन, नको ती आळी. ऊन कलायला लागलं होतं. मुर्ध्याला उतरले आणि आळीच्या तोंडाशी आले.

आळी उखळाभोवती बसलेली होती. सगळ्या. मुसळं भिंतीला टेकवलेली, भाजलेली मिरची घमेल्यात, वर कोरडा पंचा. कुणी लेकराला पाजत होती, कुणी भिंतीला टेकून पेंगत होती. भागीवहिनीच्या पुढ्यात तिच्या घरचा डबा होता, त्यातली भाकरी सगळ्यांत फिरली असावी, कारण त्यात आता नुसता रस्सा होता. आय मधोमध बसली होती. सकाळपासून कुणी घरी गेलेलं नव्हतं. मी चपला हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"आलीस?" यशोदाकाकी म्हणाली. "लवकर आलीस."

मी बोलले ते भांडल्यासारखंच बोलले. "तुम्ही... तुम्ही तर नाही म्हणालात ना?"

"पाली बदलायला न्हाय म्हनालो," यशोदाकाकी म्हणाली. "पाली तुमची, आजची, ती आजच. घरातली एक बाय बाहेर, तर पयला घाव कोन घालनार? म्हनून बसलो." तिनं पाय लांब करून गुडघा चोळला. "तुला जायाला कोन न्हाय म्हनलं गो? ता तू इचारलंसच न्हाय."

मी रडले. सरळ, भोकाड पसरून, सगळ्यांसमोर, शाळेत जायला नेसलेल्या इस्त्रीच्या साडीच्या पदरात तोंड घालून. भागीवहिनी उठली, माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. आयनं एक मुसळ उचललं आणि दुसरं माझ्याकडं सरकवलं.

"रड मंग," यशोदाकाकी म्हणाली. "आदी मुसल उचल, मिरची नरम परली."